पोकळीतून करंट: मॉफ, थिन फिल्म आणि घाटकोपरचा जिना

घाटकोपरहून मी बोलतोय आणि तुम्ही बहुतेक लोकलमध्ये लटकत किंवा घरी भांडी घासत ऐकताय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी, तिघांना मिळून. कशासाठी? मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे एमओएफ. लॅबमधली मंडळी याला सरळ "मॉफ" म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यानंतर व्हॉट्सॲपवर "चमत्कारी स्पंज" वगैरे फॉरवर्ड बरेच फिरले. पण मला त्यातली एकच गोष्ट आज घ्यायची आहे. या पोकळ पदार्थातून वीज कशी जाते? आणि गेली तर तिचा उपयोग काय? कारण यात एक मस्त विरोधाभास दडलेला आहे. शिवाय एखाद्या बातमीतला आकडा किती मनावर घ्यायचा, हेही यातून छान शिकता येतं.

आधी मॉफ म्हणजे काय ते बघू

सध्या घाटकोपरमध्ये दर दुसऱ्या गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे. जुन्या इमारतीला रंग द्यायचा असेल तर बांबूची परांची बांधतात, बघितली असेल. बांबू आडवे-उभे लावायचे आणि जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे दोरीने घट्ट गाठ मारायची. मॉफ अगदी तसंच असतं, फक्त अणूंच्या मापाचं. गाठींच्या जागी तांबं, जस्त, निकेल अशा धातूंचे आयन आणि बांबूंच्या जागी कार्बनी रेणू. परांचीत बांबूपेक्षा मोकळी जागाच जास्त असते, तसंच इथेही. नोबेल समितीने दिलेलं उदाहरण भारी आहे: काही ग्रॅम मॉफ-५ च्या आतला पृष्ठभाग पसरला तर तो फुटबॉलच्या मैदानाएवढा होतो. मॉफ-५ याघींच्या गटाने १९९९ मध्ये जाहीर केलं होतं.

मोकळ्या जागेत पाहुणे येतात. पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, जो कोणी त्या दारातून मावेल तो. म्हणून मॉफचं पहिलं काम गॅस साठवणं, गाळणं, पकडणं हे.

मग विजेचं काय अडतं?

करंट वाहायला दोन गोष्टी लागतात. एक, हलू शकतील असे इलेक्ट्रॉन. दोन, त्यांना जायला सलग रस्ता. नेहमीच्या मॉफमध्ये दोन्हींची बोंब असते. गाठीशी धातू आणि कार्बनी रेणू जोडले जातात ते बहुधा ऑक्सिजनमार्फत, आणि तो ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना सहजासहजी पुढे सोडत नाही. धातूकडच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि रेणूकडच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जुळत नाही. परांचीवर तुम्ही चढू शकता, पण तिच्यावर सायकल चालवता येत नाही, तसंच काहीसं. वरून आतली पोकळी जितकी मोठी, तितक्या गाठी एकमेकींपासून लांब. म्हणजे ज्या गुणासाठी मॉफ प्रसिद्ध, तोच गुण विजेच्या आड येतो.

हा आपला विरोधाभास. पोकळी हवी तर अंतर वाढतं, करंट हवा तर अंतर कमी लागतं. दोन्ही एकाच पदार्थात कसं जमवायचं?

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. घरातल्या वायरमधल्या तांब्याची वाहकता साधारण ६ लाख सीमेन्स प्रति सेंटीमीटर असते. सीमेन्स म्हणजे ओहमच्या उलट, जितका जास्त तितका करंट सुखाने जातो. बहुतेक मॉफ या पट्टीवर इतकी खाली असतात की त्यांना सरळ इन्सुलेटर म्हणतात.

२०१४: दोन युक्त्या

२०१४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दोन वेगळे मार्ग दाखवले. योगायोग म्हणजे आपली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोही त्याच वर्षी, ८ जूनला सुरू झाली. मेट्रोकडे थोड्या वेळाने येतोच.

पहिली युक्ती: परांची आहे तशीच ठेवा, पण पोकळीत एक पूल टाका. अमेरिकेतल्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर एचकेयूएसटी-१ नावाचं तांब्याचं निळं मॉफ घेतलं. हे नाव हाँगकाँगच्या विद्यापीठावरून पडलेलं, कारण १९९९ मध्ये ते तिथे बनलं. त्याची पातळ फिल्म बनवली आणि तिच्या पोकळ्यांमध्ये टीसीएनक्यू नावाचा रेणू शिरू दिला. हा रेणू इलेक्ट्रॉनसाठी हावरट असतो. तो पोकळीत आडवा बसला, शेजारशेजारच्या तांब्यांना जोडला गेला आणि रस्ता तयार झाला. वाहकता दहा लाख पटीहून जास्त वाढली आणि ७ सीमेन्स प्रति मीटरपर्यंत पोचली.

थांबा, इथे एक सापळा आहे. प्रति मीटर, प्रति सेंटीमीटर नाही. सेंटीमीटरमध्ये आणलं तर ते ०.०७ होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात युनिटची गल्लत ही रोजची डोकेदुखी, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. दोन बातम्यांमधले आकडे शेजारी ठेवायच्या आधी त्यांची युनिटं बघा, शंभर पटीचा फरक आपसूक निघून जाईल.

दुसरी युक्ती: परांचीच नव्याने बांधा. तेव्हा एमआयटीत असलेल्या मिर्चा डिंका यांच्या गटाने ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनने निकेलला बांधलं आणि कार्बनी रेणू असा निवडला की इलेक्ट्रॉन संपूर्ण चादरभर पसरू शकतील. या चादरी मधमाशीच्या पोळ्यासारख्या, षटकोनी भोकांच्या. एकावर एक रचल्या की भोकं एका रेषेत येतात आणि लांब नळ्या तयार होतात. म्हणजे पोकळीही राहिली आणि चादरीतून रस्ताही मिळाला. या निकेलच्या मॉफला निकेल-एचआयटीपी म्हणू. रंग काळाकुट्ट. गोळी दाबून मोजलं तर २ सीमेन्स प्रति सेंटीमीटर, पातळ फिल्मवर मोजलं तर ४०.

४० म्हणजे तांब्याच्या साधारण पंधरा हजाराव्या भागाएवढं. वायर म्हणून निरुपयोगी. पण आतून पोकळ असलेल्या पदार्थासाठी हे भलतंच मोठं होतं. पुढे २०१७ मध्ये त्याच पदार्थाचं सुपरकपॅसिटर बनवलं, तेही नेहमी मिसळावी लागणारी कार्बनची भुकटी न घालता. १०,००० वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही ९० टक्क्यांहून जास्त क्षमता टिकली.

पुण्याचं काम

आता घराजवळ येऊ. पुण्यात पाषाणला आयसर आहे, अगदी एनसीएलच्या शेजारी. तिथले निर्मल्य बल्लव आणि सुजित घोष यांच्या गटांनी २०१६ मध्ये एक पेपर छापला. कल्पना पहिल्या युक्तीच्या जवळची, पण थोडी वेगळी. एका कॅडमियमच्या मॉफच्या नॅनो-नळ्यांमध्ये त्यांनी पायरोल नावाचे छोटे रेणू भरले आणि त्यांची आतल्या आतच साखळी होऊ दिली. ही साखळी म्हणजे पॉलिपायरोल, वीज वाहणारं प्लास्टिक. थोडक्यात, भिंतीतल्या रिकाम्या पाइपमधून वायर ओढण्याऐवजी वायर पाइपच्या आतच वाढवली. वाहकता शंभर कोटी पटीने वाढली.

शंभर कोटी! ऐकून भारी वाटतं, आणि काम भारी आहेच. पण "किती पट" हा आकडा नेहमी दोन टोकांचा असतो. इन्सुलेटर सुरुवातच इतक्या खालून करतो की शंभर कोटी पट वाढूनही तो तांब्याच्या आसपासही येत नाही. आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आपला उद्देश तांबं बनवणं नाहीच आहे. उद्देश काय, ते पुढे बघू.

बल्लव यांच्याच गटाचं दुसरं काम थेट थिन फिल्मवरचं, २०१९ चं. मॉफच्या कुळातल्याच एका पदार्थाच्या, म्हणजे को-ऑर्डिनेशन पॉलिमरच्या, पातळ फिल्ममधून करंट एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने जवळजवळ जात नाही, हे त्यांनी दाखवलं. दोन्ही दिशांमधला फरक एक लाख पट किंवा त्याहून जास्त. हे डायोडचं काम झालं. तुमच्या मोबाइल चार्जरमध्ये एसीचं डीसी करतो तोच प्रकार, इथे मात्र बाटलीतल्या द्रावणात वाढवलेल्या पातळ थरातून.

फिल्म बनते कशी? फॉर लूप!

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण हा चक्क कोड आहे. सोन्याचा मुलामा दिलेली एक काचपट्टी घ्या. तिच्यावर आधी एकाच रेणूच्या जाडीचा अस्तर-थर लावा, म्हणजे पहिल्या गाठींना पकडायला हात मिळतात. मग लूप सुरू. तांब्याच्या मिठाच्या द्रावणात बुडवा. अल्कोहोलने धुवा. कार्बनी रेणूच्या द्रावणात बुडवा. पुन्हा धुवा. परत पहिल्यापासून. एका फेरीत एक पातळ थर वाढतो. चाळीस फेऱ्या मारा, ऐंशी मारा, जाडी फेऱ्यांवर ठरते. जर्मनीत क्रिस्टोफ व्योल यांच्या गटाने २००७ मध्ये मॉफसाठी ही पद्धत दाखवली आणि आज जगभर ती वापरली जाते. मुंबईच्या टीआयएफआरचं हैदराबादला केंद्र आहे, तिथेही मॉफच्या थिन फिल्मवर काम चालतं.

धुणं महत्त्वाचं आहे बरं का. ते नीट झालं नाही तर दोन्ही रसायनं बाटलीतच भेटतात आणि फिल्मऐवजी भुकटी पट्टीवर बसते. भुकटी म्हणजे हजारो छोटे स्फटिक, कसेही पडलेले. आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

घाटकोपरचा जिना

मेट्रोने वर्सोव्याहून निघालात की साडेअकरा किलोमीटरच्या आत घाटकोपरला पोचता, वीस-बावीस मिनिटांत. पण संध्याकाळी सात वाजता मेट्रोतून उतरून लोकलच्या प्लॅटफॉर्मवर जायला किती वेळ लागतो? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. रूळ चांगले, गाडी चांगली, पण सगळा वेळ जिन्यावर आणि पुलावर जातो. आता कोणी घरापासून ऑफिसपर्यंतचा एकूण वेळ मोजला आणि म्हणाला "मेट्रो हळू आहे", तर ते बरोबर होईल का? त्याने मेट्रो नाही, जिना मोजला.

मॉफच्या फिल्ममध्ये अगदी हेच होतं. एका स्फटिकाच्या आत इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी पळतो. पण एक स्फटिक संपून दुसरा सुरू होतो त्या सीमेवर त्याला उडी मारावी लागते. शिवाय धातूच्या इलेक्ट्रोडमधून मॉफमध्ये शिरताना एक जिना, बाहेर पडताना दुसरा. नुसत्या दोन टोकांना दोन सुया लावून रेझिस्टन्स मोजला तर उत्तरात हे सगळे जिने मिसळलेले असतात. म्हणून चार सुयांची पद्धत वापरतात. दोन सुयांतून करंट सोडायचा आणि व्होल्टेज वेगळ्या दोन सुयांवर वाचायचं. त्या वाचणाऱ्या सुयांतून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून इलेक्ट्रोडचा जिना हिशोबातून गळतो. स्फटिकांमधल्या सीमा मात्र तरीही राहतात.

निकेल-एचआयटीपीचे दोन आकडे आठवा. २ आणि ४०. गोळीवरचा २ हा दोन सुयांनी, फिल्मवरचा ४० हा चार सुयांनी. पदार्थ एकच, फरक वीस पट. त्यातला किती फरक फिल्मच्या बांधणीचा आणि किती मोजण्याच्या पद्धतीचा, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून पेपरमध्ये वाहकतेच्या शेजारी पद्धत लिहिलेली असते, आणि बातमीत नेमकी तीच गळते.

अजून दोन फसवे रस्ते

पहिला, टाचणीएवढी भोकं. टाचणी म्हणणंही जास्तच, नॅनोमीटरची भोकं. फिल्मची जाडी १०० नॅनोमीटर असेल, खाली सोनं असेल आणि वर धातूचा दुसरा थर चढवला, तर एखाद्या भोकातून वरचा धातू खालच्या सोन्याला टेकतो. मग मीटर म्हणतो, "वा, काय करंट जातोय!" तो करंट मॉफमधून जातच नाहीये, शॉर्टकटने जातोय. म्हणून अनेक लॅबमध्ये वरच्या बाजूला गॅलियम-इंडियमच्या मिश्रधातूचा मऊ, पातळसर थेंब टेकवतात. तो भोकात घुसण्याची शक्यता कमी असते. आणि एकाच जागी न मोजता फिल्मवर ठिकठिकाणी मोजतात.

दुसरा, पाणी. जुलैत कपाटातला पापड कसा मऊ पडतो? पोकळ मॉफसुद्धा हवेतलं पाणी ओढतं. आत पाण्याची साखळी झाली की प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर सरकत पुढे जातात. वीजच वाहते, पण इलेक्ट्रॉनची नाही, आयनची. हे काही वाईट नाही. फ्युएल सेलला नेमकं हेच हवं असतं. आयसरच्या घोष यांच्या गटाने आणि एनसीएलच्या श्रीकुमार कुरुंगोट यांनी मिळून २०१४ मध्ये असं मॉफ दाखवलं होतं, जे पाण्यासह आणि पाण्याशिवाय, दोन्ही प्रकारे प्रोटॉन वाहून नेतं. पण तुम्हाला इलेक्ट्रॉनचा करंट मोजायचा असेल आणि ओलाव्याची नोंदच नसेल, तर वाहतंय कोण ते कळणार नाही. साधा डीसी लावून थोडा वेळ थांबलं तर बऱ्यापैकी सुगावा लागतो. साध्या धातूच्या इलेक्ट्रोडपाशी आयन साठत जातात आणि करंट उतरत जातो, इलेक्ट्रॉनचा करंट टिकून राहतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

एका श्रोत्याने विचारलं होतं, "मॉफ सिलिकॉनची जागा घेणार का?" माझं उत्तर सरळ आहे: त्यासाठी ते बनलेलंच नाही. सिलिकॉन आणि तांब्याला बाहेर काय चाललंय याचं काही पडलेलं नसतं आणि तेच त्यांचं बळ. वीज वाहणाऱ्या मॉफचं बळ उलट आहे. त्याचा रस्ता अशा खोलीतून जातो जिथे पाहुणे येतात. पाहुणा आला की करंट बदलतो. करंट वाचला की कोण आलं ते कळतं.

२०१५ चं उदाहरण बघा. डिंका यांच्याच गटाने टिमोथी स्वेगर यांच्यासोबत निकेलच्या जागी तांबं बसवलं, बाकी बांधणी तीच. या तांब्याच्या मॉफची वाहकता गोळीवर ०.२ आली. निकेलच्या गोळीपेक्षा दहा पट कमी. पण त्याचं द्रावणात मिसळलेलं चूर्ण नुसतं थेंबाथेंबाने इलेक्ट्रोडवर टाकून सुकवलं, तर तो थर हवेतला अमोनिया १ पीपीएमपेक्षाही कमी प्रमाणात ओळखू लागला. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. जास्त वाहक असलेल्या निकेलच्या भावाला मात्र अमोनियाचा पत्ताच लागेना. म्हणजे जास्त करंट जातो तो पदार्थ जास्त चांगला, असं इथे अजिबात नाही. गाठीत कोण बसलंय आणि पाहुणा त्या गाठीला हात लावतो का, यावर सगळं ठरतं.

आता हे घाटकोपरात आणा. आपल्यापासून चार-पाच किलोमीटरवर देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. वारा फिरला की वास कळतो, आणि गोवंडी-मानखुर्दवाल्यांना तर वारा फिरायचीही वाट बघावी लागत नाही. पण "वास येतो" ही तक्रार आहे, पुरावा नाही. पुराव्याला आकडा लागतो. आपल्या देशाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात, म्हणजे एक्यूआयमध्ये, जे आठ प्रदूषक धरतात त्यांत अमोनिया आहे. २४ तासांची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. पीपीएममध्ये बदललं तर साधारण ०.५७ होतं. म्हणजे १ पीपीएमच्या खालचं ओळखणारा थर आपल्या कामाच्या पट्ट्यात येतो. वर्षाच्या सरासरीची मर्यादा मात्र १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ०.१४ पीपीएम. तिथे पोचणं जास्त अवघड.

आणि लॅबमधली सुकी हवा वेगळी, मुंबईचा जुलै वेगळा. ओलाव्याने करंट हलला आणि डॅशबोर्डवर अमोनिया वाढलेला दिसला, तर माणसं नको तिथे घाबरतील. किंवा उलट, रोजच खोटी घंटा वाजते म्हणून खऱ्या दिवशी कोणी बघणार नाही. माझ्यासारख्या माणसाकडे शेवटी डेटाबेसचा एक कॉलम येतो. त्या कॉलममध्ये जिना किती, भोकं किती, पाणी किती आणि अमोनिया किती, हे कोडने मागाहून वेगळं करणं फार कठीण असतं. ते थर बनवतानाच आणि मोजतानाच सांभाळावं लागतं. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावायचा, त्याचं रीडिंग त्याच वेळेसह साठवायचं, मग काहीतरी बोलता येतं.

खिशात ठेवायचे चार प्रश्न

पुढच्या वेळी "वीज वाहणारं नवं पोकळ मटेरियल" अशी बातमी आली की हे विचारा.

एक: युनिट काय, मीटर की सेंटीमीटर?

दोन: गोळीवर मोजलं की फिल्मवर? दोन सुयांनी की चार?

तीन: हवा सुकी होती की ओली, आणि वाहतंय ते इलेक्ट्रॉन की आयन?

चार, सगळ्यात महत्त्वाचा: वीज वाहू लागल्यावर पोकळी शिल्लक राहिली का? पाहुण्याने किंवा प्लास्टिकच्या साखळीने खोली पूर्ण भरून टाकली असेल, तर रस्ता मिळाला पण नव्या पाहुण्याला जागा उरली नाही. डायोडसाठी ते चालेल. सेन्सरसाठी चालणार नाही.

बीएस्सी किंवा बीटेकला असाल आणि यात रस वाटला असेल, तर एक सांगतो. या क्षेत्रात केमिस्ट्रीवाले, फिजिक्सवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि डेटावाले, सगळे लागतात, आणि ते सगळे एका टेबलाशी बसले तरच आकड्याला अर्थ येतो. पुणे इथून तीन-चार तासांवर आहे. आयसर दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमाराला विज्ञान दिन साजरा करतं, त्या वेळी काय खुलं आहे ते वेबसाइटवर बघा, जमलं तर जा, आणि फिल्म कशी बुडवतात-धुतात ते विचारा.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, तीस सेकंदांच्या आत बरं का, मागच्या वेळी एकाने सात मिनिटांची पाठवली होती. पुढच्या एपिसोडमध्ये बॅटरी फुगते का आणि कधी फेकून द्यावी, यावर बोलू. तोवर काळजी घ्या, भेटू!